दिलरुब्याची खुर्ची

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, आणि तिसरीवर दिलरुबा असतो. निळ्या खोळीत, भिंतीला पाठ टेकून. दार उघडं असलं आणि शेजारच्या केमोथेरपी वॉर्डात सलाइनच्या पंपाची शिट्टी वाजली, की खोळीतून बारीक आवाज येतो. कुणी लांबून ‘अं’ म्हणावं तसा. नव्या नर्स मुली दचकतात. एकीनं तर फायली आणायला एकटीनं जायचंच सोडलं.

भूतबीत काही नाही. मी प्रत्येकीला समजावून सांगते. या वाद्याला वरच्या तारा असतात, त्या गजानं वाजवायच्या. त्यांच्या खाली बारीक तारांची एक रांग असते, तिला कुणी हात लावत नाही. जवळपास त्यांचा सूर लागला की त्या आपोआप वाजतात. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली, तारा उतरल्या आहेत, वॉर्डातले पंपही बदलले, तरी कुठली तरी तार कुठल्या तरी आवाजाला सापडतेच. एवढंच कारण आहे. मुलींना पटतं. मलाही दिवसा पटतं.

गुरुजी म्हणजे सोनवणे गुरुजी. देवगाव रंगारीचे, शेतकरी घरातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेलं. तरुणपणी खुलताबादला नेमणूक होती, तिथं एका म्हाताऱ्या वादकाकडं दिलरुबा शिकले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती तरी इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेनं असायची, एक निळं आणि एक लाल.

मी बावीस वर्षं वॉर्डात काढली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मला या टेबलावर बसवलं. त्याच सुमारास आमच्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास सुरू केला. कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाला जो त्रास होतो तो संगीतानं कमी होतो का, आणि होत असेल तर किती. पद्धत सोपी होती. रुग्णानं डब्यातून चिठ्ठी उचलायची. ‘अ’ निघाली तर औषध चढण्याआधी अर्धा तास दिलरुबा. ‘ब’ निघाली तर नेहमीचे उपचार, वादन नाही. दोघांनाही एक कागद द्यायचा. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. मनाला अजिबात त्रास नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा. एकदा आधी खूण करायची, एकदा नंतर. खेड्यातल्या बायका ते चित्र बघून म्हणायच्या, “ताप नाय वो मला.” मग मी सगळं परत पहिल्यापासून सांगायची.

गुरुजी वाजवायला आले. निदान आम्हाला तसं वाटलं. खरं तर त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते आमच्या कागदांतून निघेल अशी त्यांची समजूत होती. हा प्रश्न कुठला, ते मला सहा महिन्यांनी कळलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना वाद्य टांगायला भिंतीवरची खुंटी दाखवली. त्यांनी खुंटीकडं बघितलं आणि म्हणाले, “खुर्ची आहे का एखादी?”

मला वाटलं, बसायला हवी असेल. त्यांनी खुर्ची घेतली, तिच्यावर दिलरुबा ठेवला आणि स्वतः उभे राहिले.

“वाद्याला खुर्ची आणि तुम्ही उभे?”

“मला सवय हाय. वर्गात कुठं बसायला मिळतंय?”

दुसरं खूळ सूर लावण्याचं. रोज सकाळी आले की चपला दाराबाहेर काढायच्या. वॉर्डात चपला घालूनच यावं, असं मी शंभर वेळा सांगितलं, शेवटी त्यांच्यासाठी वेगळ्या स्लीपर आणून ठेवल्या. मग वॉर्डाच्या मध्यभागी डोळे मिटून उभं राहायचं आणि एखादा पंप शिट्टी मारेपर्यंत वाट बघायची. शिट्टी वाजली की तिच्याशी जुळेल असा सूर धरून वाद्य लावायचं. यात पाऊण तास जायचा. मी म्हटलं, गुरुजी, एकदा लावलं की रोज रोज कशाला?

“यंत्र काय आपल्याकडं सरकायचं नाय, सिस्टरबाई. मंग आपणच सरकायचं. नायतर तिकडं ते वरडतंय, इकडं मी, आणि मधी पेशंट.”

आणि तिसरं, ते रुग्णाला ‘कसं वाटतंय?’ असं कधीही विचारायचे नाहीत. मी विचारलं तरी त्यांना आवडायचं नाही. “हा पाव्हण्याला जेवण कसं झालं म्हणून विचारायचा प्रश्न हाय. त्याला एकच उत्तर असतंय.”

ते किती खरं होतं ते पहिल्याच महिन्यात दिसलं. खुलताबादचे एक चाचा होते, शिंपीकाम केलेले. घशाचा आजार. वादनाआधी त्यांनी सातावर खूण केली. वादन झालं, मी कागद पुढं केला, गुरुजी समोरच गज पुसत बसलेले. चाचांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि दोनावर खूण केली. मी खूश. डॉक्टर मॅडम तर फारच खूश झाल्या असत्या.

गुरुजी कागद बघून म्हणाले, “चाचा, सच्ची बोलो. कित्ता?”

चाचा ओशाळले. “अब मास्टरसाब, इत्ती मेहनत से बजाए, सामनेच बैठे. जास्ती नंबर कैसा डालूं? अच्छा दिखता क्या?”

“फिर भी.”

“सच्ची बोलूं तो सात था, सातच है. लेकिन बाजा अच्छा था, अल्ला कसम.”

गुरुजी मोठ्यानं हसले, चाचांच्या गुडघ्यावर थाप मारली. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर मॅडमच्या टेबलावर अर्ज ठेवला. शाळेतल्यासारखा, डाव्या बाजूला समास सोडून. वादकानं वादन संपताच खोलीबाहेर जावं. नंतरची खूण तासाभरानं करून घ्यावी. ती वॉर्डात नसलेल्या माणसानं करून घ्यावी. कागद पाकिटात बंद करावा. खाली सही.

मॅडम म्हणाल्या, “गुरुजी, हा तर तुम्ही स्वतःच्याच विरोधात अर्ज केलाय.”

“व्हय. ज्याचं पोरगं परीक्षेला बसलंय, त्यानं त्या वर्गावर सुपरव्हिजन करू नये.”

मॅडमनी मान्य केलं. त्यानंतर कागदांवरच्या खुणा पहिल्याइतक्या देखण्या राहिल्या नाहीत. कुणाच्या उतरायच्या, कुणाच्या जागच्या जागी. मॅडमचा चेहरा जरा पडायचा. गुरुजी शनिवारी माझ्याकडं यायचे आणि विचारायचे, “या आठवड्यात खरं आलं का?” आलं म्हटलं की मान हलवून जायचे. चांगलं आलं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

‘ब’ चिठ्ठीवाल्यांच्या बाबतीत मला वाटलं होतं, हा माणूस नियम वाकवणार. कलावंत मंडळी वाकवतात. एक बाई, ‘ब’ निघालेली, रोज वादनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायची, डोकं दाराला टेकून. एक दिवस आतला आवाज थांबला, गुरुजी बाहेर आले आणि मला म्हणाले, “हा बाक तिकडं लिफ्टपाशी न्यायला सांगा.” मग दाराच्या फटीत त्यांनी चादर दुमडून कोंबली.

“अहो, ऐकू द्या की गुरुजी. तिचं काय जातं, तुमचं काय जातं?”

“चोरून ऐकलेलं मोजता येत नाय, सिस्टरबाई.”

मी मनातल्या मनात त्यांना कोरडा माणूस म्हटलं. मी म्हणावं हे जरा जास्तच होतं, कारण आमच्या वॉर्डात ती पदवी माझ्याकडं होती. पण तीन महिन्यांनी त्या बाईची अभ्यासातली मुदत संपली, त्या दिवशी गुरुजी लिफ्टपाशी, त्याच बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तासभर वाजवलं. त्यांच्या वहीत प्रत्येक ‘ब’ चिठ्ठीवाल्याचं नाव होतं, पुढं मुदत संपण्याचा दिवस. वाजवून झालं की लाल पेनानं बरोबरची खूण.

सहा महिने झाले तेव्हा एका दुपारी आम्ही रेकॉर्ड रूममध्ये डबे उघडले होते. त्यांची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा, रोज तेच. मी सहज म्हटलं, गुरुजी, हे एवढं खरं-खोटं तुम्हाला कशाला? वाजवायचं आणि घरी जायचं.

त्यांनी घास संपवला.

“आमच्या मंडळींना हाच आजार झाला व्हता,” ते म्हणाले. “पोटाचा. शेवटचे चार महिने मी रोज वाजवायचो तिच्याम्होरं. रोज विचारायचो, कसं वाटतंय. ती म्हणायची, बरं वाटतंय. रोज. एक दिवस मधीच म्हणली, बंद करा.”

“मग?”

“बंद केलं. खुंटीला लावला. मला वाटलं, हिला सोसत नाय आता. कदाचित कधीच सोसत नव्हतं, माझ्या मनासाठी ऐकत व्हती. त्यानंतर अकरा दिवस होती ती. अकरा दिवस ती खाटेवर आणि हा तिच्या समोर खुंटीला. तिनं परत वाजवा म्हणलं नाय आणि मी परत विचारलं नाय.”

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. 

“तुमचे कागद बघून कळंल असं वाटतंय,” ते म्हणाले. “आजारी माणूस ऐकतो तवा आत काय व्हतं. बरं वाटतंय म्हणजे काय. बंद करा म्हणजे काय.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, “कांदा उरलाय, घ्या.”

त्यानंतर मी खुर्चीबद्दल कधी काही म्हटलं नाही.

बिडकीनच्या मंदाबाई आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात. पन्नाशीच्या, थोराड, स्तनाचा आजार हाडांत उतरलेला. वॉर्डातली सगळ्यात हसतमुख पेशंट. केस गेल्यावर म्हणाल्या, “बरं झालं, तेलाचा खर्च वाचला.” सुनेला, शेजारणीला, डॉक्टरला, सगळ्यांना हसवायच्या. चिठ्ठी ‘अ’ निघाली. पहिल्या तिन्ही वेळा आधीची खूण दोन, नंतरची दोन.

चौथ्या वेळी त्यांनी गुरुजींना पाळण्याची चाल येते का म्हणून विचारलं. त्यांच्या आईकडची. दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. गुरुजींनी ती तारांवर शोधून काढली आणि अर्धा तास तेवढीच वाजवली. तासाभरानं पाकीट माझ्याकडं आलं. आधी दोन. नंतर नऊ. शेजारी कागद ओला होऊन वाळलेला.

आमचा नियम लेखी होता. वादनानंतर आकडा आधीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी चढला तर त्या रुग्णाचं वादन थांबवायचं आणि समुपदेशकाला कळवायचं. मी नियम पाळणारी बाई आहे. दहा मिनिटांत दोन्ही केलं. गुरुजींना आकडे सांगायचे नसत, म्हणून फक्त एवढंच म्हटलं, “मंदाबाईंचं वादन बंद.”

“त्यांनी म्हणलं बंद करा?”

“नियमानं बंद झालं.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दिलरुबा खोळीत घातला, खोळीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. पंधरवडाभर ते यायचे, वाजवायचे, जायचे. डबा माझ्याबरोबर खाल्ला नाही.

मग मंदाबाई पुढच्या औषधासाठी आल्या. वॉर्डात नर्स कमी होत्या म्हणून सलाइन मी लावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “सिस्टर, गुरुजींनी मला वाळीत टाकलं का?”

“तुम्हाला त्रास झाला ना त्या दिवशी? कागदावर नऊ होतं.”

“मंग? नऊच व्हतं.”

“आधी दोन होतं, मंदाबाई. वाजवल्यावर नऊ झालं.”

त्या माझ्याकडं असं बघायला लागल्या, की जणू मी अडाणी आणि त्या सिस्टर. “अवो माय, आधीचं खोटं व्हतं. सूनबाई शेजारी उभी. तिच्याम्होरं काय लिहू? आधीबी नऊच व्हतं, रोजच नऊ व्हतं. त्या दिशी गुरुजींनी वाजवलं आन् मला रडायला आलं, लई रडले, मंग म्हणलं आता खरं लिहावं. तर तुम्ही मास्तरच बंद केला.”

माझ्या हातात सलाइनची नळी होती, ती मी आधी नीट चिकटवली. मग रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. त्या थर्मामीटरवर मी दीड वर्षं खुणा गोळा करत होते, आणि ते मोडलेलं नव्हतंच. मी ज्याला चढलेला ताप समजले तो पहिल्यापासून तेवढाच होता. आणि बाईला एकदा विचारावं, एवढं साधं माझ्या नियमात नव्हतं.

त्या दिवशी मी नियम मोडला. गुरुजींना आकडेही सांगितले आणि मंदाबाईंचं बोलणंही. त्यांनी मला ते बोलणं दोनदा सांगायला लावलं, शब्दाला शब्द.

“म्हणजे चढलं न्हवतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“पोचलं व्हतं.”

“तसं म्हणा.”

ते दिलरुब्याच्या खुर्चीकडं वळले. मग मला नव्हे, त्या खुर्चीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “मग तिनं कशासाठी बंद करा म्हणलं?”

मंदाबाईंचं वादन परत सुरू करायला अभ्यासात जागा नव्हती. अभ्यासाबाहेर करायला समुपदेशकाची आणि डॉक्टर मॅडमची सही हवी होती. दोन्ही मिळाल्या, पण तोवर मंदाबाईंचं रक्त इतकं घसरलं की औषधं थांबवून त्यांना घरी पाठवलं. आमची घरभेटीची जीप बिडकीनला जायची. मी मॅडमना म्हटलं, या खेपेला मी जाते आणि गुरुजींना नेते. माझे गुडघे बघता मॅडमना आश्चर्य वाटलं असावं.

घर गावाच्या कडेला होतं. मागं कारखान्यांसाठी केलेले रुंद, रिकामे रस्ते. मंदाबाई ओसरीत खाटेवर, एका कुशीवर, पंधरा दिवसांत निम्म्या झालेल्या. आवाज मात्र तसाच. “या गुरुजी. मी म्हणलं, आता वरच भेट.”

मी सवयीनं कागद काढला. आधीची खूण त्यांनी आठावर केली. सून शेजारीच उभी होती.

गुरुजी जमिनीवर बसले. सूर लावायला इथं पंप नव्हता. ते जरा गोंधळले. मग शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू आली, त्यांनी मान कलती करून ती ऐकली आणि तिलाच सूर जुळवला. तीच पाळण्याची चाल सुरू केली. पाच-सात मिनिटं झाली असतील. मंदाबाईंनी डोळे मिटलेले. मग हात जरासा उचलून त्या म्हणाल्या,

“गुरुजी, बंद करा.”

गज जागच्या जागी थांबला. मी गुरुजींकडं बघितलं नाही, त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. तो निळ्या खोळीकडं गेला. खोळीपर्यंत पोचला. मग तिथंच थांबला.

“का वो, मंदाबाई?” गुरुजींनी विचारलं. दीड वर्षात कुठल्याही रुग्णाला त्यांनी विचारलेला हा पहिला ‘का’.

“कूस बदलायचीय. ह्या कानानं कमी ऐकू येतंय मला.”

मी आणि सूनबाईनं त्यांना उचलून वळवलं. हाडांचं दुखणं, त्यामुळं सावकाश. उशी बदलली, लघवीची नळी सोडवून दुसऱ्या बाजूला घेतली, पाठीला गोधडी लावली. चार मिनिटं लागली असतील. “हं,” त्या म्हणाल्या, “आता करा सुरू.”

गुरुजींनी सुरू केलं नाही.

“वाजवा की वो. कशाची वाट बघताय?”

“जरा थांबा. तारा उतरल्यात.”

तारा उतरल्या नव्हत्या. इतक्या दिवसांत मला तेवढं कळायला लागलं होतं. ते वाद्याच्या गळ्याला कान लावून एक खुंटी पिळायचे आणि परत होती तिथं आणून ठेवायचे. पुन्हा पिळायचे. चेहरा वाद्याआड होता.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अजून दोन घरं बाकी होती. मी सूनबाईला गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं, येताना गुरुजींना घेऊन जाते म्हटलं आणि उठले. दोन तासांनी परत आले तर ते एसटीनं निघून गेले होते. “वाजवलं की,” सून म्हणाली, “लई वेळ. आत्याबाई तशाच झोपल्या.” मंदाबाई त्या आठवड्यात गेल्या. गुरुजी पुन्हा दवाखान्यात आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, अभ्यासाला पुरेसं वाजवून झालंय. निकाल काय लागला, हे त्यांनी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर त्यांचा पुतण्या हा दिलरुबा घेऊन आला, तेव्हा कळलं की गुरुजी गेले. खोळीला चिठ्ठी होती, लाल पेनानं लिहिलेली. ‘सिस्टरबाईंना द्यावा. खुंटीला लावू नये.’

मंदाबाईंचा तो कागद माझ्याकडं आहे. आधी आठ, नंतरची जागा कोरी. कुठल्याच फाइलीत तो बसत नाही.

मी गुरुजींना शेवटचं बघितलं ते ओसरीच्या उंबऱ्यावरून. मंदाबाई चांगला कान वर करून पडल्या होत्या आणि वाट बघत होत्या. गुरुजी वाद्याला कान लावून तीच खुंटी पिळत होते. गज खाली जमिनीवर होता. गिरणी चालू होती, आणि खालच्या तारा आपोआप वाजत होत्या.